हंड्यापासून तोंडापर्यंत

साथ आली की सगळं गाव विहिरीकडे-नळाकडे बोट दाखवतं. आमच्याकडेही तेच झालं. अकोले-इगतपुरीच्या सरहद्दीवरचा हा डोंगरपट्टा; आषाढ लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. वरच्या आळीत एका घरी उलट्या-जुलाब सुरू झाले, रात्रीतून ते शेजारी गेले आणि बघता बघता खालच्या वाडीत पोचले. प्राथमिक आरोग्य केंद्राचं पथक आलं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. मी अंगणवाडी सेविका. सहा वर्षांखालची पोरं माझ्या यादीत, म्हणून माझा सगळा घोर त्यांचाच. त्यांतली काही आधीच तीव्र कुपोषित श्रेणीत होती. धडधाकट माणसाला जे जुलाब दोन दिवस अंथरुणावर पाडतात, ते अशा लेकराचा काही तासांत जीव घेऊ शकतात.

कारण शोधायला वेळ लागला नाही. आमच्या नळाचा पाइप गटाराला लागून गेलेला आणि एका सांध्याला फुटलेला. पंप चालू असतो तोवर त्यातून पाणी बाहेर गळतं. ते सगळ्यांना दिसतं, पण कोणी मनावर घेत नाही. पंप बंद झाला की पाइपातला दाब जातो आणि त्याच फटीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या सकाळी नळाची पहिली धार येते ती तीच, आणि पाण्याच्या ओढीने बायका हंडा लावतात तोही त्याच धारेला.

त्यात पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीचं पोतं तोंड उघडं, ओल धरलेल्या खोलीत पडलेलं. अशा पोत्यातला क्लोरीन उडून जातो, मागे नुसता चुना उरतो. आरोग्यसेवकाने नळाचं पाणी नळीत घेऊन क्लोरीन तपासायच्या ओटीचे थेंब टाकले. पाणी पिवळं व्हायला हवं होतं, ते होतं तसंच राहिलं. म्हणजे पावडर रोज पडत होती, वहीत नोंदही होत होती आणि पाणी मात्र शुद्ध होत नव्हतं. मला त्या नळीकडे बघून संताप आला. पावसाळ्याआधी पाण्याच्या जागांची पाहणी होते, त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. हे सगळं काय भिंतीवर लावायला असतं का?

नवी बंद पिशवी आली. हजार लिटरला पाच ग्रॅम हा हिशोब. पंचायतीच्या शिपाईभाऊंनी बादलीत पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला, वरची निवळी तेवढी टाकीत सोडली आणि अर्धा तास नळ बंद ठेवला. फुटका सांधा बदलला. संध्याकाळी ओटी घेतली तर पाणी पिवळं. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण पोरं आजारी पडायची थांबेनात. मोठ्यांची संख्या उतरली, पोरांची उतरली नाही. म्हणून आरोग्य केंद्राच्या सिस्टर, आशाताई आणि मी घरोघरी फिरायला लागलो, आणि खरं गाव तेव्हा दिसलं. माजघरात पाण्याचे हंडे लख्ख घासलेले, पण झाकण एखाद्यावरच. पोर खेळून यायचं, चिखलाच्या हाताने तांब्या हंड्यात बुडवायचं. बोटं मनगटापर्यंत पाण्यात. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या वेळी लांब दांड्याची ओगराळी घराघरांत आली होती. मी विचारलं, ती कुठं गेली? कुणी माळ्यावर दाखवली, कुणी गुरांच्या पेंडीत.

सिस्टरने पाणी तपासायच्या बाटल्या आणल्या होत्या. एकीत नळाचं पाणी भरलं, दुसरीत एका घरच्या हंड्यातलं. त्या घरच्या बाईची परवानगी घेऊन दोन्ही अंगणवाडीच्या खिडकीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी नळाची बाटली होती तशी होती आणि हंड्याची शाईसारखी काळी झाली होती. बायका एकेक करून आल्या. कोणी हातात घेऊन हलवून पाहिली, कोणी वास घेऊ लागली तेव्हा मला अडवावं लागलं. म्हातारी सोनाबाई बराच वेळ बघत राहिली आणि सुनेला म्हणाली, "अगं, हे आपण बाळाला पाजतो?" तोवर मी कितीदा तरी हेच सांगितलं होतं. बाटलीने एका सकाळी ते पटवलं.

दुसरी गोष्ट सांगायला बायकांना लाज वाटते, पण सांगायलाच हवी. तान्ह्या बाळाच्या शीला आपल्याकडे कोणी घाण मानत नाही. ती फडक्याने पुसायची, परसात टाकायची आणि त्याच हाताने भाकरी थापायला बसायचं. बाळ फक्त अंगावर पितं, मग त्यात कसले जंतू, असा समज. साथीत आजारी तान्ह्याची शी मोठ्यांइतकीच धोक्याची असते. ती संडासात टाकायची आणि हात साबणाने धुवायचे, एवढं एकच आम्ही प्रत्येक दारात सांगितलं. अंगणवाडीच्या नळाला साबण जुन्या मोज्यात घालून बांधला, म्हणजे तो विरघळत नाही आणि कोणी नेतही नाही. खिचडी वाढायच्या आधी पोरं रांगेने हात चोळायची. नखांकडे मी स्वतः बघत असे. ज्यांना जुलाब होते त्यांना घरीच ठेवलं.

सगळ्यात अवघड होतं ते "टाळू पडली" हे ऐकणं. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की तान्ह्याची टाळू खोल जाते. घरचे तिच्यावर तेल थापतात, टाळू उचलणारीकडे नेतात आणि आईला सांगतात, दात येतायत, दूध बंद कर. त्या लेकराला त्या घडीला हवं असतं पाणी. एका घरी असंच एक पोर मांडीवर पडलेलं. रडत होतं पण डोळ्यांत पाणी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. सिस्टरने उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ओआरएसचं पाकीट फोडलं आणि वाटी-चमचा आजीच्या हाती दिला. चमचा चमचा, न थांबता. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा हळूहळू सुरू करायचं. आईला अंगावर पाजत राहायला सांगितलं. तेवढ्यात आशाताईने गाडी बोलावली, आणि केंद्रापर्यंतच्या सगळ्या वाटेत आजीने चमचा थांबवला नाही. पोर वाचलं.

लोकांना सलाईन मोठं वाटतं आणि पाकीट किरकोळ. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती, सलाईन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांतून लोकांना पाजलं आणि छावणीतलं मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. हे मी आमच्या माणसांना नेहमी सांगते. सलाईनची गरज कुणाला असते ते डॉक्टर ठरवतील. पाकीट मात्र आईच्या हातात असतं.

आमची साथ ओसरली. पाइपाचा सांधा नवा आहे, टीसीएल आता घट्ट झाकणाच्या डब्यात आहे आणि ओटी टेस्ट गावातल्या बायकाच करतात. पण साथ नसतानाही हे रोज व्हायला हवं.

तुमच्या घरी लहान मूल असेल तर पावसाळ्याआधी ओआरएसची दोन-तीन पाकिटं आणून ठेवा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्या, नवं करा. झिंकची गोळी मिळाली तर जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्या. हंड्यावर झाकण आणि ओगराळं ठेवा. आणि मूल पीत नसेल, सुस्त पडलं असेल, शीतून रक्त जात असेल, तर टाळू उचलणारीकडे न जाता थेट दवाखान्यात घेऊन जा.