कुर्ल्याची पालिओ

फियाटने 2001 मध्ये पालिओ 1.6 भारतात आणली, तेव्हा एवढ्याशा हॅचबॅकमध्ये 100 बीएचपीचं इंजिन हे अप्रूपच होतं. गाडी तयार व्हायची कुर्ल्यात, पूर्वी प्रीमियर पद्मिनी जिथून बाहेर पडायची त्याच कारखान्यात. जाहिरातीत सचिन तेंडुलकर, त्याच्या सहीची 'एस-10' आवृत्तीसुद्धा निघाली. पण 1.6 पेट्रोल असं प्यायची की बहुतेकांनी 1.2 घेऊन विषय मिटवला.

माझ्याकडे आली ती 1.6च, सेकंडहँड. आधीच्या मालकाने हौस पुरेपूर भागवून घेतली होती. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर, मागे भल्या मोठ्या तोंडाचा सायलेन्सर, कापलेल्या स्प्रिंगा. आवाज रेसच्या गाडीचा आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर पोट घासणार.

"आधी हे सगळं काढू," गॅरेजचे उस्ताद म्हणाले, "मग काय लावायचं ते बोलू."

कारण साधं आहे. उघडा फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ, तिच्यात प्राणवायू कमी, म्हणजे आवाज वाढतो आणि ताकद उलट घटते. थंड हवेसाठी त्याचा पाइप बंपरपाशी खाली नेला तर जुलैत साचलेलं पाणी थेट सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. म्हणून कंपनीचा फिल्टरचा डबा जागेवर गेला. बऱ्या अवस्थेतल्या स्प्रिंगा जुन्या भागांच्या बाजारात मिळाल्या, नवे शॉकअप नाना पेठेतून आले. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे सांगणारा कागद नव्हता, तेव्हा तोही नवा. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि खर्च थेट इंजिन उघडण्यावर जातो.

खरी मजा ब्रेकमध्ये आली. मी पेडलवर, उस्ताद मागच्या चाकापाशी आडवे. "दाबा... धरा... सोडा." निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून आधी कोऱ्या चहासारखं काळपट फ्लुइड आलं, मग बुडबुडे, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ पिवळसर धार. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट 4 नवं असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेसं पाणी मुरलं की ही मर्यादा 155 वर येते. लांबलचक घाट उतरताना ते उकळलं तर पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. रबरी नळ्यांच्या जागी स्टीलच्या जाळीच्या नळ्या बसवल्या आणि पेडल एकदम कडक झालं. माझ्या मते त्या गाडीवर झालेला सगळ्यात वसूल खर्च तोच.

कायद्याची बाजू सोडून चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकावर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. विमा कंपनीला न सांगता केलेले बदल ऐन क्लेमच्या वेळी आडवे येऊ शकतात, हे वेगळंच. आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणीला न्यावीच लागते. माझी नेली त्याआधीच सायलेन्सर मूळचा लावला होता. इन्स्पेक्टरने वाकून पाहिलं, चासी नंबर घासून घेतला आणि विचारलं, "हिचे पार्ट मिळतात अजून?"

मिळतात, पण शोधावे लागतात. सध्या लोअर आर्मचे बुश हवे आहेत.