घामाचं देणं

मी रत्नागिरीकडचा. आमच्याकडे उन्हाळा किती आहे ते घामावरून कळतं. मे महिन्यात पारा जेमतेम ३३-३४ अंशांवर असतो, पण शर्ट पाठीला चिकटलेला, मानेवरून धारा आणि आईच्या हातात सदैव पंखा. हवेतच इतकं पाणी की अंगावरचा घाम वाळायला जागा नाही. तो नुसता ओघळतो, गारवा काही देत नाही. हे गणित मला तेव्हा माहीत नव्हतं. घाम म्हणजे उकाडा आणि घाम नाही म्हणजे आपण बरे, एवढंच ठाऊक. ही अडाणी समजूत घेऊन मी १९९६ साली डिप्लोमा संपवून चंद्रपूरला रस्त्याच्या कामावर रुजू झालो.

चंद्रपूरचा मे पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो चक्क सोसवला. घाम येतच नव्हता! खरं तर येत होता आणि कातडीवर दिसायच्या आत उडून जात होता. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठ आणि कूलर चालतात तेही याच हिशोबावर, म्हणून तिथे कूलरपुढे बसलं की हुडहुडी भरते आणि तोच कूलर मुंबईत नेला तर खोलीची नुसती न्हाणी होते. पण उडालेलं पाणी परत भरावं लागतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नव्हतं. डोक्याला दुपट्टा गुंडाळायचीसुद्धा मला लाज वाटे. साइटवर मी टोपी घालून हिंडायचो, साहेब ना!

आमचं मोरीचं काम चाललं होतं. उन्हाळ्यात काँक्रीट पहाटे चारला ओतायला घ्यायचं आणि नवाच्या आत हात धुवायचे, असा तिथला रिवाज. उन्हं चढली की त्यातलं पाणी पळतं आणि माल हातातच आवळतो. त्या दिवशी मिक्सरचा पट्टा तुटला. तो जोडून काम सुरू होईतो नऊ वाजले. अकराच्या सुमारास मी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजत होतो. पहिल्यांदा एकेचाळीस भरल्या, मग छत्तीस, मग पुन्हा एकेचाळीस. मुकादम बाजूला उभे होते. साठीचे, बारीक, तोंडात कायम खर्रा. ते गोण्यांकडे बघतच नव्हते, माझ्या कपाळाकडे बघत होते.

"सायब, तुमचा घाम कुठी गेला?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही. नंतर कळलं की मी त्यांना "गाडी चिपळूणला थांबते का" असं विचारलं होतं.

पुढचं सगळं ऐकीव. त्यांनी मला टँकरच्या सावलीत आडवं केलं. मुकादमांची बायको, जिला सगळेच मावशी म्हणत, धावत गेली आणि आदल्या दिवशी टाकलेल्या स्लॅबवरची ओली गोणपाटं उचलून घेऊन आली. ती माझ्या अंगावर पसरली. वरून बादलीने पाणी, आणि दोन बायका सुपांनी वारा घालताहेत. स्लॅब वाळू नये, तडकू नये म्हणून आम्ही जे करत होतो तेच अगदी बरहुकूम त्यांनी माझं केलं. मावशीने तळपायांना कांदाही चोळला. त्या कांद्याचा कितपत उपयोग झाला असेल ते असो, पाण्याचा आणि वाऱ्याचा नक्की झाला. शुद्धीवर येईपर्यंत तोंडात थेंबही घालू दिला नाही तिने. ठसका लागून माणूस जातो, म्हणाली. मग डोळे नीट उघडल्यावर मीठ घातलेलं कैरीचं पन्हं, घोटाघोटाने.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती मजेत सांगत हिंडलो असतो. पण माझ्यापायी त्या दिवशीचं काम अर्ध्यावर थांबलं होतं आणि गोणपाटं उचललेल्या स्लॅबवर ऊन लागून केसाएवढ्या भेगा दिसल्या. ठेकेदाराने गँगची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. शनिवारी चुकाऱ्याच्या वेळी मस्टर माझ्यासमोर आलं. अर्ध्या हजेरीच्या खुणा मला दिसल्या. मी सही केली. तेवीस वर्षांचा होतो, नोकरीला तीन महिने झाले होते, ही कारणं मी तेव्हापासून स्वतःला देत आलोय. पुढच्या पगारात मी मुकादमांच्या हातात पैसे ठेवायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला. "तुमच्या पगारातून कायले? ज्यानं कापले त्यानं द्यावं." एवढंच. राग नव्हता त्यात. म्हणूनच ते जास्त लागलं.

त्यांच्या झोपडीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा असे दोन फोटो शेजारी-शेजारी होते. १९५६ साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. तेव्हा मावशी आईच्या कडेवर होती. दरवर्षी त्या तारखेला पांढरं लुगडं नेसून ती चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जायची. पाऊस सुरू झाला, काम बंद पडलं, गँग दुसऱ्या साइटवर गेली. कुठल्या, ते मी विचारून ठेवलं नाही.

सात वर्षांनी मी कामासाठी लेहला होतो. तिथे उंची साधारण साडेतीन हजार मीटर, आणि वर्षभराचा पाऊस-बर्फ मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास. आमच्या रत्नागिरीत एवढा पाऊस जुलैत एखाद्या दिवशी पडून जातो. तिथलं काम मेपासून ऑक्टोबरपर्यंत. पुढे काँक्रीट आवळतच नाही आणि त्यातलं पाणी गोठलं तर नऊ टक्के फुगून आतूनच सगळं फोडतं. जोझी-ला खिंड बंद व्हायच्या आत बाकीचे खाली उतरले. यंत्रांच्या राखणीला कोणीतरी हवं होतं आणि मी बिनलग्नाचा.

लेहबाहेरच्या एका गावात खोली घेतली. घरमालकीण सत्तरीची. सगळं गाव तिला आमा-ले म्हणे, मीही म्हणू लागलो. ती मला नोनो म्हणायची, म्हणजे धाकटा पोरगा. आमची भाषा मोडकी हिंदी, तिची माझ्यापेक्षा जास्त मोडकी. हिवाळ्यात अख्खं घर स्वयंपाकघरात राहायला येई, मधोमध बुखारी म्हणजे शेगडी, भोवती गालिचे. धुतलेली पँट दोरीवर लाकडाच्या फळीसारखी ताठ उभी राहायची, आणि गंमत म्हणजे तशी गोठलेलीच हळूहळू वाळायची. हवा अशी की गोठलेलं पाणीही सोडत नाही. या बाबतीत लेह मला रत्नागिरीपेक्षा चंद्रपूरच्या जवळचं वाटलं.

डिसेंबरात एकदा रात्री बर्फ पडलं. यंत्रांवरचे पत्रे वाकतील म्हणून मी सकाळी फावडं घेऊन गेलो. होते नव्हते ते सगळे स्वेटर अंगात. तासाभरात आतून न्हालो. घाम आलेला बघून मला बरंच वाटलं. चंद्रपूरने शिकवलं होतं ना, घाम आहे तोवर माणूस शाबूत! मग बॅटऱ्या आणि रेडिएटर बघत दोन-अडीच तास उभा राहिलो. ओला बनियन, ओले मोजे. घरी आलो तेव्हा डाव्या पायाची तीन बोटं मेणासारखी पांढरी पडली होती आणि दुखत मुळीच नव्हती. मी सरळ पाय बुखारीला लावायला गेलो.

आमा-लेने माझी कॉलर धरून मागे ओढलं. सत्तरीची बाई, पण मी खरोखर आडवा झालो. "पागल!" बधिर कातडी भाजते आणि भाजल्याचं कळतही नाही. तिने परात आणली, पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं, त्यात माझे पाय ठेवले. निवलं की थोडं गरम घालायचं, पुन्हा कोपर. पाऊण तास ती तशी उकिडवी बसून होती. बोटांत रक्त परतताना जी कळ येते तिचं वर्णन करणार नाही. मी ओरडत होतो आणि ती मान डोलवत होती, चांगलं आहे, ओरड. मग बोटं टिपून कोरडी केली, मध्ये कापूस घातला. चोळू मात्र दिली नाहीत.

त्या रात्री तिने मला शिकवलं ते असं : कामाला लागण्याआधी एक कपडा उतरवायचा आणि थांबलास की लगेच चढवायचा. अंगाला थोडी थंडी वाजत असतानाच काम सुरू करायचं. "पसीना दुश्मन." आणि तहान नसली तरी प्यायचं, कारण या हवेत श्वासातूनही पाणी जातं. लोणी-मिठाच्या चहाचा पेला ती रिकामा होऊच देत नसे. बुखारी पेटली की खिडकी बोटभर उघडी. झोपण्यापूर्वी ती स्वतः उठून माझी खिडकी तपासून जायची.

तीच रात्र असेल, मी तिला मावशीची गोष्ट सांगितली. गोणपाटांची. ती इतकी हसली की डोळे पुसायला लागले. मग मी मावशीच्या झोपडीतल्या फोटोंबद्दल सांगितलं तेव्हा गंभीर झाली, दोनदा विचारलं, "वो भी बुद्ध के लोग?" मजुरी कापल्याचं आणि माझ्या सहीचं मी सांगितलं नाही.

२०१२च्या जानेवारीत बोधगयेला कालचक्राचा बौद्ध सोहळा झाला. आमा-ले गावकऱ्यांबरोबर आली होती. तिथून ती मंडळी नागपूरमार्गे अजिंठ्याला निघाली. मी एव्हाना नागपूरला स्थायिक झालो होतो. दीक्षाभूमीवर भेटलो. जानेवारीतलं नागपूर, मी स्वेटरमध्ये, आणि ती जाड गोंचा, म्हणजे लडाखी झगा, कमरेला खोचून घामाघूम. आल्याआल्या बूट काढायला लावून माझी बोटं पाहिली, भर आवारात. मग स्तूपाभोवती सावकाश फिरली. निघताना पिशवीतून वाळवलेल्या जर्दाळूंच्या दोन पुरचुंड्या काढल्या. एक मला. दुसरी पुढे करून म्हणाली, "ये तुम्हारी मावसी को। बोरीवाली को।"

मी घेतली. काय सांगणार होतो?

त्या वर्षी १६ ऑक्टोबरला मी चंद्रपूरला गेलो. मुकादमांची चौकशी केली, दोन जुन्या ठेकेदारांना भेटलो, कोणाला काही आठवत नव्हतं. मग दीक्षाभूमीवर पांढऱ्या लुगड्यांच्या गर्दीत प्रत्येक म्हातारीचा चेहरा बघत संध्याकाळपर्यंत हिंडलो. पुरचुंडी परत घेऊन आलो. उघडून पाहिली तर जर्दाळू गोट्यांसारखे कडक झाले होते. मधल्या उन्हाळ्याने त्यांच्यातलं उरलंसुरलं पाणीही काढून घेतलं होतं.

लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, आमा-लेचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "उसको दिया?"

"दिया," मी म्हणालो.

"क्या बोली?"

मला पुढचं खोटं सुचेना.