ऐकू येणे आणि कळणे

28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. 1928 साली याच दिवशी जाहीर झालेल्या शोधामुळे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव प्रकाशाशी कायमचे जोडले गेले. त्याआधी आठ वर्षे, 1920 मध्ये, त्यांनी ‘नेचर’मध्ये मृदंग आणि तबला यांच्या नादावर लिहिले होते, हे क्वचितच आठवले जाते. शाईच्या थरामुळे कातड्याचे एरवी बेसूर वाटणारे उपस्वर सुरात येतात, हे त्यांनी दाखवले. वाद्यांच्या बाबतीत ध्वनीचा इतका सूक्ष्म विचार करणारे आपण, ज्या खोलीत दिवसाचे नऊ तास काढतो तिच्या ध्वनीचा विचार करत नाही. मीही करत नव्हते. कोरमंगलातल्या आमच्या कार्यालयातील एका प्रसंगाने तो करायला लावला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरची जुनी, घरघरणारी वातानुकूलन यंत्रणा काढून नवी बसवली. तिच्या शांततेचे सर्वांनी कौतुक केले. मात्र दोनच आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या: लक्ष लागत नाही, प्रत्येकाचे सगळे ऐकू येते. अशाच एका दुपारी एक सहकारी भावाशी फोनवर मराठीत बोलत होती. आईच्या उपचारांसाठी शेत गहाण ठेवावे की विकावे, हा प्रश्न होता. मध्येच तिचा कंठ दाटून आला. ती माझ्यापासून आठ मीटर दूर होती आणि हळूच बोलत होती. आजूबाजूला कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी; आपल्या भाषेच्या आडोशाला ती निर्धास्त होती. मी मजल्यावर नवीन होते, माझी मातृभाषा तिला ठाऊक नव्हती. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. जे जाणून घेण्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता, ते मला कळले होते.

संध्याकाळी मजला रिकामा झाल्यावर मी ध्वनिपातळी मोजली: 33 डेसिबल. सर्वसाधारण बोलणे एक मीटरवर सुमारे 57 डेसिबल असते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी 6 डेसिबलने उतरते. आमच्याकडे काचेच्या भिंती, उघडा स्लॅब आणि गुळगुळीत फरशी असल्यामुळे ती जेमतेम 4 डेसिबलने उतरत होती. म्हणजे आठ मीटरांवर ते बोलणे 45 डेसिबल, पार्श्वभूमीपेक्षा 12 डेसिबल वर! शब्द न् शब्द कळणारच. जुन्या यंत्राची घरघर आमच्या बोलण्यावर पांघरूण घालत होती आणि ते आम्हीच काढून घेतले होते.

भौतिकशास्त्राचे शिक्षण संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर वाढवायला शिकवते. पीएच.डी.ची सारी वर्षे मी गोंगाटाशी झगडण्यात घालवली. खासगीपणासाठी नेमके हेच गुणोत्तर कमी करावे लागते, हे मनाला पटायला वेळ लागला. खरे तर माझ्या आजीला ते ठाऊक होते. सांगलीच्या दोन खोल्यांच्या घरात आईशी काही खासगी बोलायचे असले, की ती रॉकेलच्या स्टोव्हला चार पंप जास्त मारी. त्या फरफरीत आम्हा मुलांना आवाज येई, शब्द येत नसत.

साउंड मास्किंग म्हणजे हाच उपाय, मोजूनमापून केलेला. छतात बसवलेल्या लहान ध्वनिक्षेपकांतून वाऱ्याच्या सरसरीसारखा एकसंध ध्वनी सोडतात. आपला कान वारंवारतेचे पट्टे वेगळे करून ऐकतो आणि एका पट्ट्यातला ध्वनी मुख्यतः त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या ध्वनीला झाकतो, हे हार्वे फ्लेचर यांनी 1940 साली मांडले. म्हणून हा ध्वनी बोलण्याच्या पट्ट्यांतच भरतात आणि तो कर्कश वाटू नये म्हणून वरच्या वारंवारतांकडे दर सप्तकाला सुमारे 5 डेसिबलने उतरता ठेवतात. अर्थ वाहणारी व्यंजने मुळात क्षीण असतात. ती आधी बुडतात. स्वरांची लय तेवढी उरते.

पण ध्वनी नुसता वाढवत नेणे हा उपाय नव्हे. 48 डेसिबलच्या पुढे गेले, की माणसे नकळत आवाज चढवू लागतात. एतिएन लोंबार यांनी 1911 साली वर्णिलेला हाच तो परिणाम. म्हणून आम्ही आधी छताला ध्वनिशोषक फळ्या आणि टेबलांमध्ये उंच आडपडदे लावून घेतले. आठ मीटरांवरचे बोलणे 45 वरून 39 वर आले. त्यानंतर आच्छादन 44 डेसिबलवर स्थिर केले. बोलणे आता पार्श्वभूमीच्या 5 डेसिबल खाली आहे. पूर्वी सबंध मजला लक्ष विचलित होण्याच्या टप्प्यात होता. आता तो टप्पा साधारण साडेचार मीटरांचा आहे. श्रवणयंत्र वापरणाऱ्या एका सहकाऱ्याला मात्र यामुळे बैठकीतले बोलणे समजेनासे झाले. त्याच्या भागातली पातळी आम्ही खाली आणली. एकाचा आडोसा दुसऱ्याची भिंत होऊ शकतो, हे आमच्या आकडेमोडीत आधी आलेच नव्हते.

त्या दुपारविषयी तिला सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला होता. न सांगणे म्हणजे चोरून ऐकत राहणेच झाले असते. मी सांगितले तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “एरवी मी खाली रस्त्यावर जाऊनच बोलते. त्या दिवशी ऊन फार होतं.” म्हणजे मनातले बोलायला तिला ऐंशी फुटी रस्त्यावरच्या वाहनांचा गोंगाट गाठावा लागत होता. आमचे सुसज्ज कार्यालय तेवढाही आडोसा देत नव्हते.

आता ती जागेवरूनच घरी बोलते. मला तिचा आवाज येतो, कधी ती हसल्याचेही कळते. शब्द मात्र तिचे तिच्यापाशीच राहतात.