काळ्या पडद्यावरची पत्रं

ईमेल म्हटलं की मला अजूनही काळा पडदा आणि त्यावरची पांढरी अक्षरंच आठवतात. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे दादा शिकायला अमेरिकेला गेला, तेव्हा बाबांनी पुण्याच्या घरी माझ्या नावाने विद्यार्थ्यांसाठीचं शेल खातं घेतलं. त्यात चित्रं नव्हती, माउसचं काम नव्हतं. मोडेमने फोन लावायचा, पलीकडच्या युनिक्स यंत्रावर लॉगिन करायचं आणि ‘पाइन’ असं टाइप करून एंटर दाबायचं.

पाइन १९८९ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात घडू लागलं, ते कचेरीत काम करणाऱ्या साध्या माणसांना शिकवणीशिवाय वापरता यावं म्हणून. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत त्या क्षणी चालणाऱ्या कळा लिहिलेल्या असत. सी दाबलं की नवं पत्र, आय दाबलं की आलेल्या पत्रांची यादी. यादीत नव्या पत्रापुढे एन आणि थेट आपल्यालाच पाठवलेल्या पत्रापुढे अधिकचं चिन्ह. ढीगभर लोकांना धाडलेलं पत्र कुठलं आणि नेमकं आपल्यासाठी लिहिलेलं कुठलं, हे उघडण्याआधीच कळे. इतकी विचारपूर्वक केलेली सोय मला पुढच्या कितीतरी झगमगीत प्रोग्रामांत सापडली नाही.

आई शेजारी खुर्ची ओढून बसे आणि सांगे, मी टाइप करत असे. देवनागरीची सोय नव्हती, म्हणून मराठी रोमन लिपीत. ळ आणि ण यांचे हाल होत, पण दादाला सगळं कळे. आई मध्येच थांबून म्हणे, “ते खोकल्याचं खोड, उगाच काळजी करत बसेल.” कंट्रोल आणि के दाबलं की ती अख्खी ओळ नाहीशी होई, आणि आईला त्याचं फार अप्रूप वाटे. शेवटी कंट्रोल-एक्स, पाठवायचं का म्हणून एक प्रश्न, वाय, आणि पत्र गेलं. आंतरदेशीय पत्रांच्या जमान्यातली माझी आई दर वेळी विचारी, “पोचलं?”

महिना पालटला की पाइन विचारी, गेल्या महिन्यात धाडलेली पत्रं त्या महिन्याच्या नावाच्या फाइलीत हलवू का? मी नेहमी हो म्हणत असे. मग त्या फाइली झेडमोडेमने घरच्या संगणकावर उतरवून फ्लॉपीवर ठेवायच्या. हे बाबांनी लावलेलं वळण. त्यांच्याकडे टपालाची फाइल असे, बिलांची फाइल असे. पत्रं दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवून स्वस्थ बसणं त्यांना पटणारं नव्हतं.

पुढे सगळं ब्राउझरमध्ये गेलं. नोकरीच्या गडबडीत एका फुकट सेवेवर माझी बरीच वर्षांची पत्रं साठली होती. ती सेवा एक दिवस बंद झाली. सूचना आली होती ती त्याच पत्त्यावर, जो मी तोवर क्वचित उघडत असे. मैत्रिणींची पत्रं, दादाच्या मुलीच्या बारशाची हकिगत, सगळं गेलं. फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून डिस्कवर आलेली आईची पत्रं मात्र जिथल्या तिथे होती. त्यातली एक फाइल मी साध्या एडिटरमध्ये उघडली. ‘फ्रॉम’ने सुरू होणारी एक ओळ, मग मथळे, एक रिकामी ओळ आणि खाली आईचं बोलणं. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. ती वाचायला कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही, खास प्रोग्रामही लागत नाही.

त्याच आठवड्यात मी ‘मट’ बसवलं. मायकेल एल्किन्सने १९९५ मध्ये सुरू केलेला हा टर्मिनलवरचा ईमेल प्रोग्राम आजही जोपासला जातो. तो मांडायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मी कामं वाटून दिली: सर्व्हरवरची पत्रं घरच्या डिस्कवर उतरवायला एमबीसिंक, पाठवायला एमएसएमटीपी, वाचायला आणि उत्तर द्यायला मट. प्रत्येकाची सेटिंग एकेका साध्या मजकुराच्या फाइलीत. हे लिहिताना ईमेल चालते कशी हे प्रथमच नीट उमगलं. आणायचा रस्ता वेगळा, धाडायचा वेगळा. मोठ्या सेवा आता खात्याचा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रामांना चालू देत नाहीत. गूगलने २०२२ मध्ये ते थांबवलं. मग दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो.

इथे प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइल म्हणून मेलडिर नावाच्या मांडणीत राहतं. न्यू, कर आणि टेम्प अशी तीन फोल्डरं. पत्र पाहिलं की फाइल न्यूमधून करमध्ये जाते, वाचलं की तिच्या नावाच्या शेवटी एस लागतो. मला हे बघायला आवडतं. शिवाय मटमध्ये बाहेरून चित्रं ओढली जात नाहीत. जाहिरातवाले पत्रात न दिसणारं चित्र घालून ते कधी उघडलं याची नोंद ठेवतात, ती माझ्याकडून मिळत नाही. पत्र मी केव्हा वाचलं हे मी सांगेन तेव्हाच समोरच्याला कळावं.

अडचण आली ती मराठीची. निवृत्तीनंतर बाबा देवनागरी टाइप करायला शिकले आणि दर रविवारी मला लिहू लागले. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकटींची जाळी. रोमन अक्षरं त्यात चपखल बसतात. आपली वेलांटी, रफार, जोडाक्षरं मोडतात. बाबांचं पहिलं पत्र मटमध्ये उघडलं तेव्हा काने-मात्रे विखुरलेले होते. तीच फाइल एडिटरमध्ये उघडली तर मथळ्यांखाली बरोबरची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची न संपणारी रांग. ते प्रवासासाठीचं सांकेतिक रूप होतं. त्यात एकट्या ‘म’ला नऊ चिन्हं लागतात, कारण युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘म’चे तीन बाइट होतात आणि दर बाइटमागे तीन चिन्हं. मट ते उलगडून देतं. जोडाक्षरं जुळवणं टर्मिनलचं काम. एमएलटर्म नावाचं टर्मिनल ते बऱ्यापैकी करतं. लिहिण्यासाठी उपाय आणखी सोपा निघाला. एडिटर कुठला हे मट तुमच्यावर सोडतं. मी देवनागरी नीट दाखवणारा खिडकीवाला एडिटर नेमला. आर दाबलं की तो उघडतो, लिहून बंद केला की मट पुढचं पाहतं.

एल दाबून बाबांचा पत्ता दिला की यादीत फक्त त्यांची पत्रं उरतात. आईची जुनी पत्रंही मटमध्ये जशीच्या तशी उघडतात. दादाला त्यातलं खोकल्याच्या ओळीशिवायचं पत्र परत धाडलं, तर त्याने अमेरिकेहून लगेच फोन केला.

सगळ्यांनी मट वापरावं असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसांची पत्रं तुम्हाला हवी आहेत, ती आपल्या डिस्कवर उतरवून घ्या. जीमेल असेल तर गूगलच्या टेकआउटमधून सगळी पत्रं मागवता येतात. मिळते ती फाइल एमबॉक्सच असते, आणि ती थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये आणता येते, मटमध्ये थेट उघडते.