निकाल आणि निवाडा

मनुष्य व्यापारांतील तोटा सोसतो, नोकरींतील अपमान गिळतो, क्वचित् आप्तांचा वियोगहि धीरानें सहन करतो. परंतु ज्या खेळांत त्यानें स्वतः एक चेंडूहि टाकलेला नसतो, त्या खेळांतील आपल्या पक्षाचा पराजय मात्र त्यास सोसवत नाहीं, हें मोठें नवल आहे. त्यांतहि वर्षभर जिंकत आलेला संघ एखाद्या लहानशा निर्णायक फेरींत, कमी समजल्या गेलेल्या संघाकडून हरला, म्हणजे प्रेक्षकांच्या संतापास पारावार राहत नाहीं. ह्या संतापाचें मूळ कोठें आहे व त्याची झळ शेवटीं कोणास लागते, ह्याचा थोडा विचार वाचकांपुढें मांडावा असें आम्हीं योजिलें आहे.

ह्या विचारास आमचें थेरगाव मोठें सोयीचें ठिकाण आहे. पवनेच्या कांठचें हें एके काळचें खेडें आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामावलें असून कारखान्यांच्या पाळ्यांना जाणाऱ्या गाड्यांनीं डांगे चौक पहाटेपासून गजबजलेला असतो. त्याच गर्दींतून, आपल्या उंचीची पिशवी पाठीवर घेतलेलीं मुलें येथील वेंगसरकर अकादमीकडे सरावास जातांना दिसतात. ऋतुराज गायकवाड हा ह्याच अकादमींत तयार झाला. त्यामुळें येथील पुष्कळशा बापांस आपला मुलगा पुढचा ऋतुराज वाटूं लागला आहे. गहुंज्याचें मोठें मैदानहि आम्हांपासून फार दूर नाहीं. तात्पर्य, क्रिकेटमधील जयपराजय आमच्याकडे केवळ वर्तमानपत्रांतून कळत नाहीं. तो घरोघरीं पाटावर जेवावयास बसतो.

सन 2023 च्या नोव्हेंबरची 19 तारीख वाचक विसरले नसतील. विश्वचषकाच्या स्पर्धेंत ओळीनें दहा सामने जिंकून भारतीय संघ अहमदाबाद येथें अंतिम सामन्यास उभा होता. त्या दहांतील बांगला देशावरचा विजय गहुंज्यासच मिळाला होता. समोर ऑस्ट्रेलिया, म्हणजे ज्यांस आपण चेन्नईस पहिल्याच सामन्यांत सहा गडी राखून हरविलें होतें तेच. रविवार होता. आमच्या आवारांत मोठा पडदा लावलेला होता आणि आठवड्यापूर्वींच्या दिवाळींतले उरलेले फटाके मुलांनीं जिन्याखालीं मांडून ठेवले होते. भारताचा डाव 240 धावांत आटोपला. ट्रॅव्हिस हेडनें एकट्यानें 137 धावा काढल्या, आणि ऑस्ट्रेलियानें सहा गडी राखून चषक नेला. फटाके तसेच राहिले.

पुढील तासभर जें कानांवर आलें, त्याचे आम्हीं मास्तरी संवयीनें तीन वर्ग पाडले. पहिला वर्ग अपराधी शोधणारांचा. ज्या खेळाडूंची सकाळीं आरती चालली होती, त्यांच्यांतील कोणास संघांत घेणेंच चुकलें, ह्याचा पाढा त्यांनीं म्हटला. दुसरा वर्ग शकुनवाद्यांचा. ‘तुम्ही मध्येंच चहाला उठलांत, तेव्हांच घात झाला,’ असें एका सुशिक्षित गृहस्थांनीं दुसऱ्या सुशिक्षित गृहस्थांस अगदीं गंभीरपणें सुनावलें. तिसरा वर्ग नियमांस दोष देणारांचा. ‘दहा सामने जिंकणारा हरतो आणि एक जिंकणारा विश्वविजेता होतो, ही कुठली रीत?’ असा त्यांचा सवाल. ह्यांत थोडें तथ्य आहे. मात्र ऑस्ट्रेलियाहि तोंवर ओळीनें आठ सामने जिंकून आली होती हें ते विसरले होते, आणि चषक आपल्याकडे आला असता तर हा सवाल कोणाच्याहि मुखांतून निघाला नसता.

आमच्या शास्त्रकारांनीं अशा प्रसंगांसाठीं दोन न्याय सांगून ठेविले आहेत. कावळा ताडावर बसावयास आणि फळ गळावयास एकच गांठ पडावी, ह्यास काकतालीय न्याय म्हणतात. लांकूड पोखरणारा किडा फिरतां फिरतां एखादें अक्षर उमटवून जातो, परंतु त्यास लिहितां येतें असें कोणी म्हणत नाहीं. हा घुणाक्षर न्याय. चहास उठलेले ते गृहस्थ म्हणजे बिचारा पहिल्या न्यायांतील कावळा. एका संध्याकाळच्या धावफलकांत खेळाडूचें सारें शील वाचणारे लोक हे किड्याचें अक्षर वाचून अर्थ लावणारे पंडित होत.

शास्त्रावर विश्वास नसेल त्यानें अंकगणित पाहावें. एखाद्या संघाची योग्यता एवढी मोठी धरूं कीं, दर दहांपैकीं नऊ सामने तो जिंकेल. असा संघ ओळीनें अकरा सामने जिंकण्याचा संभव किती? नऊ-दशांश हा अपूर्णांक अकरा वेळां मांडून गुणाकार केला, तर उत्तर शेंकडा 31 च्या आसपास येतें. म्हणजे इतका बलाढ्य संघहि शंभरांतून 69 वेळां, अकरांपैकीं कोठें तरी एकदां ठेंच खाणारच. आपल्या संघास ती ठेंच अखेरच्या पायरीवर लागली, एवढाच काय तो प्रकार. चषक कोणी न्यावा ह्याचा निकाल त्या रात्रीं लागला. कोण किती योग्यतेचा ह्याचा निवाडा मात्र एका रात्रींत होत नसतो. निकाल आणि निवाडा ह्यांची गल्लत हेंच ह्या सर्व संतापाचें मूळ होय, असें आम्हांस वाटतें.

ही गल्लत नवी नाहीं. अजित वाडेकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं 1971 सालीं भारतानें इंग्लंडांत प्रथमच मालिका जिंकली, तेव्हां मुंबईंत विमानतळापासून मिरवणूक निघाली आणि इंदुरास त्या विजयाचें स्मारक म्हणून सिमेंटाची प्रचंड बॅट उभारली गेली. मालिका अवघी तीन सामन्यांची. त्यांतील पहिल्या सामन्यांत, लॉर्ड्सवर, 183 धावा हव्या असतां आठ गडी गमावून 145 झाल्या होत्या, तों पावसानें खेळ थांबला. मँचेस्टर येथें 420 धावांचें ओझें डोक्यावर असतां 65 धावांत तीन गडी गेले होते, तेथेंहि शेवटचा दिवस पावसानें धुऊन नेला. ओव्हलवर चंद्रशेखर ह्यांनीं 38 धावांत सहा गडी टिपले, तो पराक्रम निर्विवाद. परंतु मिरवणुकींतील एखादा हार वरुणदेवासहि अर्पण झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तीन वर्षांनीं, 1974 सालीं, कर्णधार तेच, देश तोच, सामनेहि तीनच. ह्या खेपेस लॉर्ड्सवर एक डाव 42 धावांत कोसळला आणि तिन्ही सामने गेले. वाडेकरांच्या घरावर दगड पडले, इंदूरच्या बॅटीस डांबर फासण्यांत आलें, आणि पश्चिम विभागाच्या संघांतूनहि वगळले गेल्यावर त्यांची कारकीर्द संपली. पावसाचा वांटा पदरांत पडला तेव्हां तो कोणीं मोजला नाहीं. दैव फिरलें तेव्हां मात्र पैन् पैचा हिशेब माणसाच्या नांवावर मांडला गेला.

हें आपल्याच लोकांचें वैगुण्य असावें, अशी आमची समजूत होती. ती अमेरिकेंत राहणाऱ्या आमच्या पुतण्यानें दूर केली. त्या पराजयानंतर दूरध्वनीवर आम्हीं मन मोकळें केलें, तों तो हंसून म्हणाला, ‘काका, तुमचं हें दुःख इथं दर ऑक्टोबरांत असतं.’ मग त्यानें बेसबॉलची व्यवस्था समजावून दिली. तेथें प्रत्येक संघ साखळींत 162 सामने खेळतो. सहा महिन्यांच्या ह्या तपश्चर्येनंतर बाद फेरी येते आणि तींत जो आधीं तीन सामने जिंकेल तो पुढें, असा पांच सामन्यांचा एक टप्पा असतो. 2022 सालीं लॉस एंजलिसचा डॉजर्स संघ साखळींत 111 सामने जिंकून आला, आणि 89 सामने जिंकलेल्या सॅन डिएगोनें त्यास ह्या टप्प्यांत तीन विरुद्ध एक असें घरीं बसविलें. पुढच्या वर्षीं तर कहरच झाला. शंभर किंवा अधिक सामने जिंकलेले अटलांटा, बाल्टिमोर व लॉस एंजलिस हे तिन्ही संघ ह्याच टप्प्यावर गारद झाले. त्यांतील लॉस एंजलिस तर अवघे 84 सामने जिंकलेल्या ॲरिझोनाकडून ओळीनें तिन्ही सामने हरला.

तेथील चाहत्यांची तक्रार अशी कीं, वरचढ संघांस आधींच्या टप्प्यांत मिळालेल्या विश्रांतीनें त्यांची धार बोथटते, आणि पांचांऐवजीं सात सामने असते तर असा अनर्थ झाला नसता. आम्हीं पाटी घेतली. शंभरांत साठ सामने जिंकण्याची योग्यता असलेला संघ एकच सामना खेळला तर 40 वेळां हरेल, तिहींच्या मालिकेंत सुमारें 35 वेळां, पांचांच्या मालिकेंत सुमारें 32 वेळां, आणि सातांच्या मालिकेंत 29 वेळां. म्हणजे दोन सामने वाढवून लाभ तिघांचा! खरी योग्यता ठरवावयाची, तर तें काम 162 सामन्यांनीं आधींच केलेलें असतें. बाद फेरी ही उत्कंठेसाठीं असते, आणि उत्कंठेंतच दुर्बळाच्या विजयाची शक्यता गृहीत धरलेली असते. ती शक्यता नको, पण उत्कंठा हवी, असें म्हणणें म्हणजे विस्तवानें चूल पेटवावी पण हात भाजूं नये असें म्हणण्यासारखें आहे.

त्याच पुतण्यानें बिल बकनर ह्याची हकीकत सांगितली. 1986 सालीं सात सामन्यांच्या अंतिम मालिकेंत बोस्टन तीन विरुद्ध दोन असें पुढें होतें. सहाव्या सामन्याच्या अखेरीस एक सरपटता चेंडू बकनरच्या पायांमधून निसटला आणि सामना गेला. सातवा सामना अजून व्हावयाचा होता. त्यांतहि बोस्टननें प्रथम आघाडी घेतली व ती घालविली. परंतु सर्व दोष त्या एका चेंडूवर व त्या एका माणसावर बसला. 2008 सालीं त्याच शहराच्या मैदानावर लोकांनीं उभें राहून टाळ्यांच्या गजरांत त्याचें स्वागत केलें खरें. पण मध्यें बावीस वर्षें गेलीं होतीं.

येथें कोणी म्हणेल, ‘मास्तर, मग सगळेंच दैवाधीन, आणि खेळाडूंस जाब विचारूंच नये कीं काय?’ तसें आमचें म्हणणें नाहीं. 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत न्यूझीलंडचा संघ तीन कसोटी सामने खेळावयास आला. 2012 नंतर भारत मायदेशीं ओळीनें अठरा मालिका जिंकला होता. बंगळुरास आपला डाव 46 धावांत संपला; गहुंज्यास मिचेल सँटनरनें तेरा गडी बाद केले व तिसऱ्याच दिवशीं आपण 113 धावांनीं हरलों; मुंबईसहि 25 धावांनीं पराभव झाला. शंभरांत साठांच्या योग्यतेचा संघ ओळीनें तिन्ही सामने हरण्याचा संभव शेंकडा सहाच्या थोडा वर आहे. इतकी विरळ गोष्ट घडली, म्हणजे केवळ कावळ्यावर दोष ढकलून भागत नाहीं. फिरकीपुढें आपली फलंदाजी कच्ची पडली हें कबूल करणें भाग आहे. गहुंज्याच्या त्या तिसऱ्या दिवशीं आम्ही मैदानावर होतों. लोक सामना संपण्यापूर्वींच उठूं लागले असतां पुढच्या रांगेंतील एक वृद्ध गृहस्थ सँटनरच्या प्रत्येक बळीस टाळी देत बसले होते. कोणी तरी त्यांस हटकलें, तेव्हां ते म्हणाले, ‘अहो, तिकिटाचे पैसे चांगला खेळ पाहावयास दिले आहेत, तो कोणीं करावा हें तिकिटावर लिहिलेलें नाहीं.’ दोष दाखवावा तो असें पाहून, मोजून दाखवावा. दगड उचलणारास मोजणीची फुरसत नसते.

ह्या गल्लतीची झळ खेळाडूंस लागतेच. परंतु ती अखेर जेथें पोंचते तें ठिकाण घरांत आहे. छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत दहावीचे निकाल पाहिले. दहा वर्षांचें अध्ययन एका बाजूस आणि तीन तासांची उत्तरपत्रिका दुसऱ्या बाजूस. त्या दिवशीं डोकें दुखलें, एक प्रश्न नजरचुकीनें राहिला, तर ज्यास वर्गांत सारे हुशार म्हणत तो घरीं ‘ढ’ ठरतो. परीक्षा असावी, निकालहि असावा. त्यावांचून जागा कोणास द्यावयाची हें ठरणार नाहीं. परंतु निकाल कळतांच बाप निवाडा देऊन मोकळा होतो, ही खरी विपत्ति.

गेल्या वर्षीं शेजारच्या बिऱ्हाडांतील तेरा वर्षांचा मुलगा एका निवड-सामन्यास गेला. एका डावांत चार धावा, दुसऱ्यांत शून्य. नांव यादींत आलें नाहीं. ‘तुझ्यांत दमच नाहीं,’ असें म्हणून वडिलांनीं बॅट माळ्यावर टाकण्याचें ठरविलें. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाहीं. तेव्हां आम्हीं त्याची वही मागविली. वर्षभरांत तो 26 डाव खेळला होता. धावा 741, म्हणजे डावास साडेअठ्ठावीस. ओळीनें दोन डाव एक आंकडी, असे प्रसंग त्या वहींत आणखीहि तीन होते, आणि तिन्हींच्या पुढेंमागें अर्धशतकें होतीं. आम्हीं ती वही वडिलांपुढें ठेवून एवढेंच म्हटलें, ‘हे दोन डाव निवडणारांनीं पाहिले, बाकीचे चोवीस पाहण्याचें काम तुमचें आहे.’ बॅट माळ्यावर गेली नाहीं. तो पुढें निवडला जाईल कीं नाहीं, हें सांगणें आमच्या गणितापलीकडचें आहे.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर त्या मुलाकडून आम्हीं ऋतुराज गायकवाडचे तीन डाव लिहवून घेतले. 2022 सालच्या विजय हजारे करंडक स्पर्धेंत, उपांत्यपूर्व सामन्यांत नाबाद 220, त्यांत एका षटकांत सात षटकार. उपांत्य सामन्यांत 168. आणि 2 डिसेंबरच्या अंतिम सामन्यांत 108. पांच दिवसांत तीन शतकें काढूनहि करंडक सौराष्ट्रानें नेला. ‘मग ऋतुराजदादा हरला कीं जिंकला?’ असें मुलानें विचारलें. महाराष्ट्र हरला, असें आम्हीं सांगितलें, आणि त्या तीन आंकड्यांखालीं रेघ मारून बेरीज करावयास त्यास पेन्सिल दिली.