सुरी

रविवारी कुंभोजच्या बाहुबलीला गेलो होतो. मुलाचं दप्तरच त्या दिवशी प्रवासाची पिशवी झालेलं. सूर्य मावळायच्या आत खाणं उरकावं म्हणून परतताना सफरचंदं चिरली आणि सुरी घाईत त्याच दप्तरात टाकली. मीच टाकली.

सोमवारी वर्गात ती त्याच्या हाताला लागली. सातवीतलं पोर. उठलं आणि बाईंना नेऊन दिली. संध्याकाळी चिठ्ठी आली : शस्त्र आणल्याबद्दल तीन दिवस शाळेत पाठवू नये.

मंगळवारी मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, "सर, नियम हवाच. पण आपणहून आणून देणारा आणि लपवणारा, दोघांना एकच शिक्षा?"

"नियम सगळ्यांना सारखा, ताई."

आपल्या तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी धरला आहे. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत हिंसादानही येतं, म्हणजे दुसऱ्याच्या हाती घातक वस्तू देणं. तसं बघितलं तर प्रमाद माझा, दानही माझंच. "मग शिक्षा मला द्या," म्हटलं. सर हसले. तीन दिवसांतला एकही कमी झाला नाही.

रात्री पोरानं विचारलं, "आई, मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं?"

मला काही बोलता येईना. सुरी शाळेच्या कपाटातच आहे, राहू दे. पण पुढच्या वेळी तो खरं सांगेल का, हे विचारायला मी परत जाणार आहे.