राज्यानं संशोधनाला पैसा का द्यावा?

संशोधनाला पैसा दिल्लीनं द्यावा, राज्यानं त्या भानगडीत पडू नये, असं माझं ठाम मत होतं. राज्याच्या हाती निधी गेला की प्रकल्प जिल्हे पाहून वाटले जाणार. अर्ज करणारा आणि अर्ज तपासणारा एकाच लग्नाच्या पंगतीत शेजारी बसणारे असणार. शिवाय स्थानिक प्रश्नांवरचं संशोधन म्हणजे दुय्यम, असंही मनात होतं. चारचौघांत बोलून दाखवत नसे इतकंच.

हे मत हललं ते ब्राझीलमधल्या साओ पावलो राज्याची हकिकत वाचून. तिथं ‘फापेस्प’ नावाची राज्याची संशोधन-निधी संस्था आहे. करउत्पन्नाचा किमान अर्धा टक्का संशोधनाला द्यायचा, हे राज्याच्या १९४७ च्या घटनेतच लिहिलेलं होतं. संस्था प्रत्यक्ष सुरू व्हायला मात्र १९६२ उजाडलं. (सरकारी उशीर सगळीकडे सारखाच!) १९८९ च्या नव्या घटनेत तो वाटा एक टक्का झाला आणि रक्कम दरमहा वळती करण्याचं बंधनही आलं. महागाई तेव्हा इतकी भडकलेली, की वर्षअखेरीस हाती पडलेल्या पैशाला किंमतच उरत नसे. संस्थेनं स्वतःच्या कारभारावर पाच टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नाही, हेही ठरलेलं.

पण एवढ्यानं मी बधलो नसतो. बधलो तो संत्र्यांमुळे. ‘झायलेला फास्टिडिओसा’ हा जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका तुंबवतो. त्यानं साओ पावलोच्या बागा धरल्या होत्या. पानांवर पिवळे डाग, फळं बारीक आणि दगडासारखी. फापेस्पनं नवी इमारत न बांधता राज्यातल्या तीसेक प्रयोगशाळा एकमेकींना जोडल्या आणि जिवाणूचा जनुकसंच वाचायला घेतला. जुलै २००० मध्ये तो ‘नेचर’मध्ये छापून आला. वनस्पतींना रोग देणाऱ्या जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच जगात पहिल्यांदाच वाचला गेला होता. पुढे कॅलिफोर्नियातल्या द्राक्षवेली वाळवणाऱ्या त्याच्या भाईबंदाचं काम अमेरिकेच्या कृषी खात्यानं याच मंडळींकडे सोपवलं. आता, जनुकसंच वाचला म्हणून बागा लगेच बऱ्या झाल्या नाहीत. तिथं निरोगी रोपं, छाटणी आणि किडींचा बंदोबस्तच कामी आला. तरी बागायतदाराच्या अडचणीतून पहिल्या दर्जाचं विज्ञान उभं राहिलं, हे मला नाकारता येईना.

आणि आपल्याकडे काय? ‘भगवा’ डाळिंब राहुरीच्या, तर ‘रत्ना’ आंबा कोकणच्या कृषी विद्यापीठाचा. दोन्ही विद्यापीठं राज्याची. हे ठाऊक असूनही मी त्याला ‘संशोधन’ म्हणत नव्हतो.

वशिल्याची भीती अजून गेलेली नाही. पण दिल्ली लांब आहे म्हणून निःपक्षपाती असते, हे गृहीत धरायला कारण काय? परीक्षक राज्याबाहेरचे नेमता येतात. फापेस्प तर परदेशातूनही अभिप्राय मागवते.

महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. पण आयोग असणं वेगळं आणि त्याला कायद्यानं बांधलेला हिस्सा असणं वेगळं. आपल्या राज्याला स्वतःची घटना नाही. विधिमंडळाला कायदा मात्र करता येतो. एक टक्का जड वाटत असेल तर त्याच्या दहाव्या हिश्शापासून सुरुवात करा, पण तो कायद्यात लिहा.